कालावाओच्या पंगतीत

१० मे १८७३. बोटीच्या डेकवर एका बाजूला गुरं बांधलीत, दुसऱ्या बाजूला माणसं दाटीवाटीनं बसलीत. त्या माणसांत तुम्ही आहात. शेजारच्या मुलाचा कान सुजून लोंबतोय. पलीकडची बाई पदराआड धरावा तसा शालीआड चेहरा धरून बसलीय. समोर हवाईतल्या मोलोकाई बेटाचा उत्तर किनारा उभा आहे : दोन हजार फुटांहून उंच, सरळसोट कडा आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रात घुसलेलं भूशिर. तीन बाजूंना खवळलेलं पाणी, चौथीला कातळ. तुरुंग बांधायची गरजच पडली नाही. हवाईच्या सरकारनं १८६६ पासून कुष्ठरोग्यांना इथे आणून सोडायला सुरुवात केली.

होडीतून उतरताना तुम्हाला वर ओढून घ्यायला कुणीतरी हात पुढे करतं. त्या हाताला तीन बोटं नाहीत. तुम्ही क्षणभर थबकता. हात मागे जात नाही. तुम्ही धरता. तो कोरडा आहे, उबदार आहे आणि त्यात भलताच जोर आहे.

तुमच्यामागून एक गोरा पाद्री उतरतो. तेहेतीस वर्षांचा, आडव्या बांध्याचा, शेतकऱ्याघरचा. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा हा योसेफ द वॉस्टर म्हणजे फादर डेमियन. हवाईत येऊन त्याला नऊ वर्षं झालीत, इथली भाषा त्याला येते. चार पाद्र्यांनी आळीपाळीनं इथे यायचं असं ठरलंय आणि पहिली पाळी त्याची आहे. म्हणजे हा मुक्काम थोड्या दिवसांचा. सोबत आलेले बिशप लोकांशी त्याची ओळख करून देतात आणि बोटीवर परत जातात.

कालावाओ वस्तीत त्याच्यासाठी घर नाही. एक छोटं चर्च तेवढं आधीच बांधलेलं आहे. त्याच्या शेजारी केवड्याच्या जातीचं एक झाड आहे, त्याच्याखाली तो पथारी टाकतो. तुम्हीही तिथेच टाका. रात्री विंचू-किड्यांपेक्षा झोप उडवतो तो वास. चिघळलेल्या जखमांचा वास गवती झोपड्यांतून येतो आणि कपड्यांत शिरून बसतो. डेमियन एका झोपडीत मरणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब ऐकायला वाकतो आणि तोंड दाबून बाहेर धावतो. हवा खाऊन पुन्हा आत जातो. पुढे वास मारायला तो पाइप ओढू लागेल. त्याला किळस येते, हे त्यानं स्वतः पत्रांत लिहून ठेवलंय. मला हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळे.

आता त्याच्याकडे नको, झोपडीतल्या दुसऱ्या माणसाकडे बघा. मरणाऱ्याच्या पायाशी त्याची बायको बसलीय. तिच्या अंगावर रोगाची एक खूण नाही. ती कोकुआ आहे. रोग्याची काळजी घ्यायला आपणहून इथे आलेल्या धडधाकट नातलगांना इथे कोकुआ म्हणतात. ती कोमट पाण्यात फडकं बुडवते, पिळते, टाचेपासून वर पुसत जाते. पू लागलेली जुनी पट्टी ओढून काढत नाही, भिजवून सुटी होऊ देते. घाई नाही. मग ती लाकडी वाडगं पुढे ओढते. त्यात अळूचे कंद शिजवून, कुटून, पाणी घालून केलेली घट्ट खीर आहे, तिला पोई म्हणतात. ती दोन बोटांनी नवऱ्याला भरवते, त्याच बोटांनी स्वतः खाते आणि वाडगं पाद्र्यापुढे सरकवते. एकच वाडगं.

डेमियन खातो. तुमच्याकडेही वाडगं येतं.

चरित्रांत या प्रसंगांचा मान डेमियनला मिळतो : तो त्यांच्या वाडग्यात जेवला, त्यांना शिवला, त्यानं आपला पाइप त्यांना ओढू दिला. खरंच आहे ते. पण डेमियन यायच्या आधी सात वर्षं ही माणसं तसंच जेवत होती, तशीच शिवत होती. शिकवायला आलेल्या पाद्र्याला हा धडा आयता मिळाला, आणि त्याचं मोठेपण मला यात दिसतं की त्यानं तो घेतला.

त्याच वर्षी इथे आलेला जोनाथन नापेला तुम्हाला भेटेल. माउई बेटावरचा हा प्रतिष्ठित हवाईयन न्यायाधीश मॉर्मन आहे. डेमियनच्या कॅथलिक चर्चच्या दृष्टीनं तो पाखंडी. त्याची बायको किटी हिला कुष्ठरोग झाला, म्हणून हा तिच्याबरोबर आला. आरोग्य मंडळाला त्यानं विनंती केली : लग्नात देवापुढे शपथ घेतलीय, सुखदुःखात आणि आजारात हिला सांभाळीन म्हणून, माझं आयुष्य फार उरलेलं नाही, ते हिच्याजवळ काढू द्या. या नापेलाची आणि डेमियनची दोस्ती जमते. दोघं आपापली प्रार्थना करतात आणि एकमेकांना मदत करतात. त्या काळी दोन्ही पंथांत किती कडवटपणा होता हे आठवलं, की ही दोस्ती मला साधी वाटत नाही.

थोड्या दिवसांसाठी आलेला डेमियन परत गेलेलाच नाही. सप्टेंबरमध्ये त्याचे वरिष्ठ बोटीतून येतात. कप्तान त्यांना उतरू देत नाही आणि डेमियनला वर चढू देत नाही. वस्तीतून बाहेर पडायला आता बंदी आहे. कॅथलिक पाद्र्यालाही स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागतो, आणि इथे दुसरा पाद्री नाही. मग तो वल्ह्याच्या होडीत उभा राहतो आणि लाटांवर हेलकावे खात, मान वर करून, फ्रेंचमध्ये ओरडून आपली पापं सांगतो. डेकवर लोक उभे आहेत. तुम्ही होडीत त्याच्यामागे आहात. त्याचा आवाज चिरकतो, पण तो थांबत नाही. वरून क्षमेचे शब्द येतात. होडी वळते. किनाऱ्यावर शेकडो जण, ज्यांचं सगळं खासगी जगानं केव्हाच उघड्यावर आणलंय, त्याची वाट बघतायत.

वर्षं भराभर जातात. तो शवपेट्या बनवतो, घरं उभारतो, दरीतून पाण्याचे नळ आणतो, वाद्यवृंद जमवतो. १८७९ साली नापेला जातो. बायकोचाच रोग त्याला झाला होता. काही आठवड्यांत किटीही जाते.

डिसेंबर १८८४ मध्ये डेमियन गरम पाण्यात पाय बुडवतो. कातडीला फोड येतात, त्याला चटका कळत नाही. प्रवचनात तो पहिल्या वर्षापासून 'आपण कुष्ठरोगी' असंच म्हणत आलाय, त्यामुळे पुढच्या रविवारी त्याला काही बदलावं लागत नाही.

१८८६ मध्ये अमेरिकन यादवी युद्धातला एक माजी सैनिक, आयरा डटन, मदतीला येतो. डेमियन त्याला जखमा धुण्याचं काम देतो. डटन जवळजवळ अखेरपर्यंत मोलोकाईवरच राहतो आणि १९३१ साली होनोलुलूत मरतो. डेमियन १५ एप्रिल १८८९ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी वारतो. २००९ मध्ये त्याला संतपद मिळतं.

सेंट डेमियनचं नाव आता शाळांना आहे, चर्चना आहे, आणि ते असायलाच हवं. पण ज्यांनी त्याच्या आधी ते वाडगं पुढे सरकवलं, त्या कोकुआंपैकी किती जणांची नावं तुम्हाला-मला सांगता येतील? नापेलाचं सांगता येतं, म्हणून ते मी इथे लिहिलं.