पाच पाद्री, दोन जहाजं आणि फिसकटलेला बेत

मंडळी, मराठी छपाईचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्या काही पानांतच एक नाव भेटतं: अमेरिकन मिशन प्रेस, मुंबई. मला नेहमी प्रश्न पडायचा, की पेशवाई अजून पुरती बुडालेली नसताना हे अमेरिकन लोक मुंबईत काय करत होते? इंग्रज समजू शकतो, पोर्तुगीज समजू शकतो. पण अमेरिकन? शोधत गेलो आणि उत्तर मिळालं ते असं: त्यांचा प्रवासाचा बेत पार फिसकटला, म्हणून ते इथे आले.

आता जरा सविस्तर.

१८१० साली अमेरिकेत परदेशी धर्मप्रसारासाठी एक संस्था निघाली, 'अमेरिकन बोर्ड'. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना पाद्री म्हणून दीक्षा देण्यात आली. अ‍ॅडोनायरम जडसन, सॅम्युअल न्यूवेल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. सगळे पंचवीस-तिशीच्या आतबाहेरचे, म्हणजे आपल्याच वयाचे. जडसन आणि न्यूवेल यांची लग्नंही त्याच आठवड्यात झाली. न्यूवेलची बायको हॅरिएट तर जेमतेम १८ वर्षांची. निघताना सगळ्यांचं लक्ष मुख्यतः ब्रह्मदेशाकडे होतं. आधी कलकत्ता गाठायचं, मग पुढचं पुढे.

१९ फेब्रुवारीला जडसन आणि न्यूवेल जोडपी 'कॅरव्हान' जहाजानं निघाली. बाकीचे थोड्याच दिवसांत फिलाडेल्फियाहून 'हार्मनी'नं. 'कॅरव्हान' १७ जून १८१२ ला कलकत्त्याला लागलं. दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं! टायमिंग बघा. बातमी हिंदुस्थानात पोचायला पुढे काही महिने लागले म्हणा, पण कंपनी सरकारला तेवढ्या कारणाचीही गरज नव्हती. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर कंपनीला पाद्र्यांची धास्तीच बसली होती. लोकांच्या धर्माला हात लावला की शिपाई बिथरतात आणि व्यापार बुडतो, असा साधा हिशोब. त्यामुळे हुकूम आला: आल्या जहाजानं परत जा. आजच्या भाषेत सांगायचं तर चार महिने प्रवास करून इमिग्रेशनच्या खिडकीपाशी पोचले आणि तिथे 'नो एंट्री'.

इथून पुढे पाचजणांचे रस्ते फुटले. त्यातल्या तिघांच्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, कारण बेत मोडल्यावर श्रद्धा माणसाला नेमकं काय देते, याची ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत.

पहिला जडसन. या माणसाचे प्रवास कधी सरळ झालेच नाहीत. कॉलेजात एका हुशार मित्राच्या नादानं तो धर्म सोडून बसला होता. १८०८ मध्ये असाच भटकत असताना एका खाणावळवजा धर्मशाळेत मुक्काम पडला. शेजारच्या खोलीत कोणीतरी रात्रभर कण्हत होतं. सकाळी कळलं की तो माणूस गेला, आणि तो हाच कॉलेजातला मित्र होता. जडसनचे चरित्रकार सांगतात, की तो तिथूनच पुढचा प्रवास सोडून घरी परतला. गोष्ट जरा फिल्मी वाटते खरी, पण पुढच्या काही महिन्यांत तो पाद्री व्हायच्या शाळेत दाखल झाला हे नक्की. पुढे १८११ मध्ये इंग्लंडला निघाला, तर वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि साहेब काही काळ फ्रान्सच्या तुरुंगात!

आणि 'कॅरव्हान'वर काय झालं? बंगालात सेरामपूरला कॅरी वगैरे बॅप्टिस्ट पंथाची मंडळी होती. त्यांच्याशी बाप्तिस्म्यावरून वाद होणार, तर तयारी असावी म्हणून जडसन जहाजावर ग्रीक बायबल घेऊन बसला. लहान बाळांवर पाणी शिंपडायचं की जाणत्या माणसाला पाण्यात बुडवायचं, असा तो वाद. वाचता वाचता त्याला समोरच्याचंच म्हणणं पटलं. बायको अ‍ॅन आधी चिडली होती, की तू हवं तर बॅप्टिस्ट हो, मी नाही. मग तिनंही स्वतः अभ्यास केला आणि तीही बदलली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात दोघांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतला, नोव्हेंबरात ल्यूथर राइसनंही. किंमत काय? ज्या बोर्डानं पाठवलं त्याच्याशी संबंध संपला. परक्या देशात, हाकलून देण्याचा हुकूम हातात, आणि आता पगारही बंद.

जडसन दांपत्य मॉरिशसला गेलं, तिथून मद्रासला. तिथेही पकडून परत पाठवण्याची भीती, म्हणून जे जहाज लवकर सुटत होतं त्यात चढले. ते निघालं होतं रंगूनला. ज्या ब्रह्मदेशाची कलकत्त्यात सगळ्यांनी भीती घातली होती, तिथेच जुलै १८१३ मध्ये ते पोचले. वाटेत अ‍ॅनचं मूल मृत जन्मलं. पुढे जडसननं अख्खं बायबल बर्मी भाषेत आणलं.

दुसरा गॉर्डन हॉल, म्हणजे आपल्या मुंबईचा. हॉल आणि नॉट दांपत्य कलकत्त्याहून इंग्लंडला रवाना होण्याऐवजी मुंबईचं जहाज गाठून निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. कलकत्त्याचा हुकूम मागोमाग आलाच. गव्हर्नर होता सर इव्हान नेपियन, स्वतः धार्मिक वृत्तीचा, त्यामुळे बिचाऱ्याची कुचंबणा. हे दोघं मधेच कोचीनला पळाले, तिथून धरून परत आणले गेले. मग हॉलनं पत्रांचा सपाटा लावला. नियमावर नियम काढून नाही, तर थेट गव्हर्नरच्या सदसद्विवेकाला हात घालून: आम्हाला घालवण्याचा जाब तुम्हाला देवापुढे द्यावा लागेल. डिसेंबर १८१३ मध्ये, रवानगीच्या अगदी तोंडावर, नेपियननं हुकूम थांबवला. दरम्यान लंडनमध्ये १८१३ चा चार्टर अ‍ॅक्ट होऊन पाद्र्यांना दार किलकिलं झालं होतं, आणि अखेर मुक्कामाची परवानगी मिळाली.

पुढचं आपल्याला ठाऊक असायला हवं. शाळा निघाल्या, मुलींच्या शाळाही. १८१७ पासून छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. याच छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांग छापलं. निर्णयसागरचे जावजी दादाजीही लहानपणी इथेच धडे गिरवून गेले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. १८९५ मध्ये कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तोही याच मिशनकडे. धर्मांतराच्या हिशेबात मात्र हॉलच्या हयातीत पदरात जवळजवळ काहीच पडलं नाही. मार्च १८२६ मध्ये नाशिक भागात फिरताना तो पटकीच्या साथीत सापडला. रुग्णांना औषधं वाटली, आणि स्वतः त्याच आजारानं गेला. वय ४१.

इथपर्यंत वाचून वाटतं, वा! बेत फिसकटला तो भल्यासाठीच. या मंडळींचंही म्हणणं तेच होतं. त्यांच्या पंथात 'प्रॉव्हिडन्स', म्हणजे ईश्वरी योजना, ही मूळ कल्पना. दार बंद झालं तरी ते देवानंच केलं.

पण माझ्यातला इंजिनिअर इथे अडतो. यशस्वी झालेल्या प्रोजेक्टचंच पोस्टमॉर्टेम करून 'सगळं ठरल्याप्रमाणे झालं' म्हणणं सोपं असतं. म्हणून तिसरी गोष्ट हॅरिएटची.

गेल्या पावसाळ्यात माझी एक फ्लाईट रद्द झाली आणि विमानतळावर नऊ तास काढावे लागले. त्या वेळात मी फोनवर तिचं जुनं चरित्र वाचलं. 'हार्मनी' पोचायच्या आधीच, ऑगस्ट १८१२ मध्ये, न्यूवेल जोडपं मॉरिशसकडे निघालं. हॅरिएट गरोदर. जहाजाला गळती लागली, आंध्रच्या किनाऱ्यावर कोरिंगा बंदरात थांबावं लागलं. पुन्हा समुद्रात निघाल्यावर वादळी हवेत मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी गेली. हॅरिएटला क्षयानं गाठलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला ती वारली. वय १९. ना शाळा, ना छापखाना, ना एकही शिष्य.

नवऱ्यानं तिच्या आईला सगळं सविस्तर पत्रानं कळवलं. त्यात दिसतं ते असं, की ती शेवटपर्यंत शांत होती आणि घर सोडल्याचा तिला पस्तावा नव्हता. दुःख झालेल्या नवऱ्यानं सासूला लिहिलेलं पत्र आहे, त्यात थोडी सावरासावर असणार हे धरून चाला. तरीही तिच्या स्वतःच्या डायरीतला सूर याच्याशी जुळतो. बेत सुधारेल म्हणून ती शांत नव्हती. बेत सुधारणार नाही हे तिला दिसत होतं.

मी ख्रिस्ती नाही, आणि धर्मप्रसाराच्या या सगळ्या उद्योगाबद्दल माझे मतभेद आहेत. पण 'शेवटी सगळं चांगलंच होतं' या आपल्या नेहमीच्या दिलाशापेक्षा हॅरिएटचा दिलासा मला जास्त भक्कम वाटतो. आपला दिलासा निकालावर टांगलेला असतो. ऑनसाईट हुकलं, तर पुढे बरं काहीतरी मिळेल म्हणून मन समजावतो. नाही मिळालं की दिलासाही गेला. तिचा निकालाशी बांधलेलाच नव्हता. हॉलला मुंबई मिळाली, जडसनला रंगून. तिला काहीच मिळालं नाही, आणि तरी तो टिकला.

असो. तिचा नवरा पुढे सिलोनमार्गे मुंबईला आला, हॉलबरोबर कामाला लागला आणि १८२१ मध्ये पटकीनंच इथे गेला. मॉरिशसला सुट्टीला जाणारी बरीच मराठी मंडळी ओळखीत आहेत. पोर्ट लुईला बोट किंवा विमान चुकलं आणि वेळ मोकळा सापडला, तर या मुलीची आठवण जरूर काढा.