मद्यासक्ती : महसूल, गुन्हा आणि आजार
(मुंबई प्रांत व महाराष्ट्राच्या संदर्भात)

प्रस्तावना : मद्यपानाचा इतिहास बहुधा महसूल आणि नीती या दोन अंगांनी लिहिला गेला आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या व्यक्तीकडे शासनसंस्थेने कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार केला आहे.

महसूल : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन व विक्री यांवरील सरकारी नियंत्रण दृढ झाले. मद्य हे उत्पन्नाचे साधन ठरले. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला.

गुन्हा : स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अस्तित्वात आला. विनापरवाना मद्य बाळगणे व पिणे हा गुन्हा ठरला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही औषधी उपयोग वगळता दारूबंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी वगळून हा अधिनियम वैध ठरविला. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना देण्याची सोय त्यात होती. ‘परमिट रूम’ हा मराठीत रुळलेला शब्द या परवाना पद्धतीचीच आठवण होय. तथापि, कायद्याने परवाना आहे की नाही हे विचारले. माणूस आजारी आहे काय, हे विचारले नाही.

आजार : १९७६ मध्ये एडवर्ड्स व ग्रॉस यांनी मद्यावलंबनाची लक्षणे एकत्रितपणे मांडली. पिण्यावरील ताबा सुटणे, तोच परिणाम साधण्यासाठी प्रमाण वाढवावे लागणे आणि दारू थांबताच शरीराने विरोध करणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. दीर्घकाळच्या मद्यपानाने यकृतावर चरबी साचते व पुढे यकृत निबर होते. ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूस इजा होते. अशा व्यक्तीची दारू अचानक तुटल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके वा भ्रमावस्था येऊन प्राणही जाऊ शकतो. केवळ पुरवठा रोखणारे धोरण येथे अपुरे पडते. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने उपचाराची वाट दाखविली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला.

निष्कर्ष : चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असावी की नसावी, हा वाद यापुढेही चालेल. परंतु दोन्ही परिस्थितींत मद्यासक्त व्यक्ती उरतेच. तिच्यासाठी तालुका पातळीपर्यंत उपचार उपलब्ध होणे, ही कोणत्याही मद्यधोरणाची पहिली कसोटी मानली पाहिजे.