न पोचलेल्यांची कुळकथा

कुलवृत्तांत लिहिण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तीत मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घालायचे तो बहुधा सनद मिळवलेला, वतन संपादन केलेला किंवा गाव वसवलेला असा कोणी कर्तबगार गृहस्थ असतो. त्याच्याही आधी त्याच मुलखात बूड टेकण्याचा यत्न करून दुष्काळामुळे, साथीमुळे किंवा दैवगतीमुळे ज्यांना माघारी फिरावे लागले, त्यांची नोंद दप्तरात सापडत नाही. समुद्रात लांब पल्ल्याचे पोहणे ही जी विद्या गेल्या दीडशे वर्षांत सिद्ध झाली, तिची कुळकथाही अशीच कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज दर्यावर्दीपासून सांगण्याचा शिरस्ता पडला आहे. २४ ऑगस्ट १८७५ रोजी दुपारी एकच्या सुमारास डोव्हरच्या धक्क्यावरून त्याने पाण्यात सूर मारला आणि २१ तास ४५ मिनिटांनी तो फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ वाळूवर उभा राहिला. परंतु हा वंशवृक्ष निदान एक पिढी वर नेऊन लावला पाहिजे, आणि त्याच्या मुळाशी जे आहेत त्यांना पैलतीर दिसलासुद्धा नव्हता, असे माझे मत आहे.

अगदी जुने दाखले पाहायचे तर ग्रीक पुराणातला लिअँडर आठवतो. हेलेस्पाँटची सामुद्रधुनी रोज रात्री पोहून तो प्रेयसीकडे जाई. एका वादळी रात्री तिच्या मनोऱ्यावरचा दिवा विझला आणि त्याला जलसमाधी मिळाली. ही झाली कथा. पण १८१० साली कवी बायरन याने तीच सामुद्रधुनी पोहण्याचे मनावर घेतले, तेव्हा एप्रिलमधला त्याचा पहिला प्रयत्न थंडीने आणि प्रवाहाच्या ओढीने निष्फळ ठरवला. ३ मे रोजी पुन्हा उतरल्यावर तासाभराहून थोड्या अधिक वेळात तो पलीकडे पोचला. पात्राची रुंदी जेमतेम मैलभर, पण पाण्याने वाहवत नेल्यामुळे प्रत्यक्षात चार मैलांवर अंतर पडले, हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे या विद्येचा जो काही सिद्धांत बनला, तो या एका हिशेबात बीजरूपाने साठवलेला आहे.

त्यानंतरची खरी कडी म्हणजे जे. बी. जॉन्सन. हा पोहण्याच्या शर्यती जिंकून नावारूपाला आलेला धंदेवाईक पोहणारा १८७२ च्या ऑगस्टात डोव्हरहून इंग्लिश खाडी पार करण्यास निघाला आणि सुमारे तासाभरातच त्याला पाण्याबाहेर काढावे लागले. पराभव इतका सपशेल होता की त्याचे नाव आज कोणी घेत नाही. पण या फसलेल्या धाडसाची हकीकत १८७३ मध्ये मॅथ्यू वेबच्या वाचनात आली. तो त्या वेळी एमराल्ड नावाच्या आगबोटीवर कप्तान होता. ती वाचून त्याने नोकरी सोडली आणि पोहण्याच्या तालमीला लागला. दुसऱ्याच्या यशाने ईर्ष्या पेटल्याची उदाहरणे हवी तितकी मिळतील. दुसऱ्याच्या अपयशाने ज्याचे आयुष्य वळले असा माणूस विरळा. वेबची पूर्वपीठिकाही त्याच धाटणीची आहे. १८७३ मध्येच रशिया नावाच्या जहाजावरून कोणी खलाशी अटलांटिकमध्ये पडला असता वेबने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. तो माणूस सापडला नाही, पण त्या निष्फळ उडीबद्दल शौर्याचे पहिले स्टॅनहोप पदक त्याला देण्यात आले.

वेबचा स्वतःचा पहिला प्रयत्नही फसला, हे सहसा सांगितले जात नाही. १२ ऑगस्ट १८७५ रोजी तो निघाला, वारा चढला, समुद्र खवळला आणि सुमारे सात तासांनी त्याला नावेत घ्यावे लागले. बारा दिवसांनी अंगाला शिंशुमाराचे तेल चोळून तो पुन्हा उतरला. वाटेत जेलीफिशने त्याला डंख केला. ब्रँडी, कॉफी आणि मांसाचा रस यांवर त्याने रात्र काढली. पण सर्वांत बिकट प्रसंग फ्रान्सचा किनारा डोळ्यांसमोर आल्यावर ओढवला. ग्री-ने भूशिराजवळच्या प्रवाहांनी त्याला पुढे सरकू न देता सुमारे पाच तास तेथेच झुलवत ठेवले. सरळ रेषेत एकवीस मैलांचे अंतर, पण त्याने कापलेली वाट एकोणचाळीस मैलांच्या घरात गेली. पंचांगाच्या हिशेबाने तो दिवस श्रावण वद्य अष्टमीच्या आसपासचा येतो, आणि जयगडसारख्या गावात वाढलेल्या माणसाचे लक्ष या तिथीवर थबकल्याखेरीज राहत नाही.

जयगडचा किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर उभा आहे. आदिलशाहीच्या अंमलात उभारलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात आलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला हा दुर्ग ज्या पाण्यावर पहारा करीत आला, ते पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. आणि या येण्याजाण्याचे शास्त्र येथल्या खारवी-दालदी तांडेलांना कोणत्याही छापील कोष्टकाविना मुखोद्गत असते. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होईल ते अदमासे निघते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा पाणी चढतेही फार आणि ओढतेही फार; अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांग, तेव्हा पाण्याचा जोर मोडलेला. तवसाळहून येणारी फेरीबोट ओहोटीच्या वेळी न्याहाळावी. तिचे तोंड जयगडच्या धक्क्याकडे नसतेच. ते खाडीच्या वरच्या अंगाला, आत, वळवलेले असते, आणि बोट तिरकी तिरकी सरकत, पाणी तिला बाहेर ढकलीत असता, नेमकी धक्क्याला येऊन लागते. सुकाणूवरच्या माणसाला यात काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. याच खाडीत एखादा बळकट जवान समोरच्या काठावर नजर रोखून सरळ पोहू लागला, तर अर्ध्या तासात तो किल्ल्याच्या टोकापलीकडे उघड्या समुद्रात असेल, आणि त्याच्या बाहुबळात काही न्यून होते म्हणून नव्हे.

इंग्लिश खाडीचे पाणीही असेच भरती-ओहोटीबरोबर सामुद्रधुनीच्या लांबीने कधी ईशान्येस, कधी नैर्ऋत्येस वाहते, आणि तेथे पोहणाऱ्याची वाट नकाशावर काढली तर ती सरळ रेषा न दिसता नागमोडी दिसते. वेबनंतर छत्तीस वर्षे कोणालाही ती खाडी पोहून जाता आले नाही, याचे एक कारण थंड पाणी हे होतेच. पण दुसरे कारण असे की वेळ चुकली तर शेवटच्या दोन मैलांत प्रवाह उलटतो आणि थकलेला माणूस किनाऱ्यासमोर उभ्याने अडकतो, हे ज्ञान एकेका पराभवाच्या मोलाने विकत घ्यावे लागत होते. ऑस्ट्रेलियाच्या ॲनेट केलरमनने १९०५ मध्ये तीनदा यत्न केला, तिन्ही फसले. पाठीवर पोहणारा माँटेग्यू होल्बीन रात्रभर पाण्यात काढूनही माघारी आला. आणि जेबेझ वुल्फ! ग्लासगोच्या या माणसाने बावीस वेळा खाडीत उडी घेतली, त्यातल्या काही खेपांना किनारा मैलभरही दूर नव्हता, आणि बाविसाही वेळा तो नावेतून परतला. किनाऱ्याचे दिवे मोजता यावेत इतके जवळ येऊन पाण्यानेच परत मागे नेणे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच पाण्यात उतरणे, याला लागणारे धैर्य मला विजेत्याच्या धैर्याहून उणे वाटत नाही. त्याचा समकालीन विल्यम बर्जेस डझनभराहून अधिक वेळा हरून अखेर ६ सप्टेंबर १९११ रोजी पलीकडे पोचला. वेबनंतर खाडी तरणारा तो दुसरा.

या दोघांपासून पुढे खरे कुळ चालते, कारण ही विद्या ग्रंथातून आली नाही, ती गुरुमुखातून आली. अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली १९२५ मध्ये प्रथम आली ती वुल्फच्या मार्गदर्शनाखाली. त्याच्या हुकमावरून तिला पाण्याबाहेर काढण्यात आले आणि आपण थकलो नव्हतो असे ती आग्रहाने सांगत राहिली. दुसऱ्या वर्षी तिने बर्जेसला गुरू केले. ६ ऑगस्ट १९२६ रोजी, चष्म्याच्या कडा मेणाने बुजवून, हात एकामागून एक डोक्यावरून टाकीत पोहण्याच्या क्रॉल पद्धतीने तिने सुमारे साडेचौदा तासांत खाडी ओलांडली, आणि तोवरच्या सर्व पुरुषांच्या वेळेहून ती वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी होती. वेब छातीवर पालथा, बेडकासारखे पाय मारीत गेला होता. त्याच्या आणि तिच्या वेळांमध्ये जे सात तासांचे अंतर आहे, ते क्रॉलने जितके भरून काढले, तितकेच मधल्या पन्नास वर्षांत नावेतून परतलेल्या लोकांनी भरून काढले.

साक्षीदाराची प्रथा मात्र पराभवातून न येता लबाडीतून आली. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी आठव्या खेपेस खाडी पार झाली. त्यानंतर काही दिवसांतच एका बाईने आपणही पार झाल्याचा दावा केला आणि तो खोटा असल्याचे शाबीत झाले. संशयाची झळ ग्लाइट्झलाही लागली. तेव्हा ऐन थंडीत, २१ ऑक्टोबर रोजी, ती पुन्हा पाण्यात उतरली. दहा तासांहून अधिक वेळ तिने ते गारठवणारे पाणी सोसले आणि अखेर अर्धबेशुद्ध स्थितीत तिला बाहेर काढले. ती पोचली नाही, पण ते दहा तास पाहणाऱ्यांच्या मनात तिच्या शब्दाविषयी संशय उरला नाही. न पोचता पुरावा दाखल करणारी अशी दुसरी व्यक्ती या इतिहासात मला आढळत नाही. त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. पुढे नावेवर निरीक्षक बसू लागला, वेळा टिपू लागला आणि पोहणाऱ्याने नावेला स्पर्श केला की प्रयत्न बाद, असा कायदा रूढ झाला.

हिंदुस्थानात ही परंपरा बंगालच्या वाटेने आली. पुरुलियाचे मिहिर सेन बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेले असता त्यांना या खाडीचा ध्यास लागला. आधीचे प्रयत्न फसल्यावर २७ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी ती १४ तास ४५ मिनिटांत पार केली. पुढल्या वर्षीची आरती साहा यांची हकीकत तर जयगडच्या कोणत्याही तांडेलाने ऐकताक्षणी मान डोलवावी अशी आहे. २७ ऑगस्ट १९५९ रोजी शर्यत सुटायची होती आणि त्यांची मार्गदर्शक नाव चाळीस मिनिटे उशिरा आली. चाळीस मिनिटे! शहरातल्या माणसाला एवढा विलंब किरकोळ वाटेल. भरतीच्या हिशेबात तो सारा दिवस घालवतो. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आलेला असता प्रवाह उलटला, आणि पुढचे पाच तास हात मारूनही अंतर तुटेना. दुपारी चारला त्यांना थांबवावे लागले. महिनाभरानंतर, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांनी सँडगेटला लागल्या. खाडी पार करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. पद्मश्री मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला खेळाडूही त्याच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या विद्येला आपले घर मिळाले ते धरमतरच्या खाडीत. अंबा नदीच्या मुखातून निघून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचा सुमारे छत्तीस किलोमीटरांचा हा पल्ला आज मराठी मुलामुलींची समुद्रातली मुंज ठरला आहे. विलायती खाडीतली थंडी येथे नाही. उलट ऊन आहे, मचूळ पाणी आहे, जेलीफिश आहेत आणि मुंबई बंदरातल्या जहाजांची वर्दळ आहे. पण गणित तेच: ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचे आणि प्रवाह फिरण्याआधी पुरेसे अंतर मागे टाकायचे. तिथी पाहिल्याशिवाय दिवस ठरत नाही. इंग्लंडात पन्नास वर्षांच्या पराभवांतून जे ज्ञान गोळा झाले, ते आमच्या कोळी-खारव्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. फक्त त्यांचा दर्याशी संबंध मासळीचा आणि पोटाचा, म्हणून हौसेने समुद्र पोहून जावा अशी कल्पना त्यांच्या संसारात शिरली नाही. धरमतरला या दोन परंपरा एका नावेत बसतात. पुढे पोहणारे मूल, काठावरून तिथी सांगणारा तांडेल आणि मागे वेळ टिपणारा निरीक्षक. या परंपरेतूनच रोहन मोरे यांच्यासारखा पुण्याचा तरुण जगातल्या सात सामुद्रधुन्या पोहून ९ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत आपले सप्तक पूर्ण करू शकला. आशिया खंडात हा मान प्रथम त्याला मिळाला.

इंग्लिश खाडीच्या अधिकृत नोंदीत पोहणाऱ्याच्या नावाबरोबर मार्गदर्शक नावेचे आणि तिच्या कप्तानाचे नाव लिहिले जाते. आपल्याकडे सत्कार होतो तो मुलाचा आणि फार तर त्याच्या प्रशिक्षकाचा. रात्री दोन वाजता धरमतरच्या धक्क्यावर पाण्यात हात बुडवून अजून वीसेक मिनिटे थांबा असे सांगणाऱ्या माणसाचे नाव प्रमाणपत्रावर नसते. ते घालावे. आणि ज्या वर्षी एखादे मूल अर्ध्या वाटेवरून नावेत घेतले जाईल, त्या वर्षीची नोंदही वेळ, तिथी आणि वाऱ्याची दिशा यांसह त्याच वहीत राहावी. पुढच्या खेपेला जो उतरणार आहे त्याला यशस्वी पोहण्याच्या दहा पानांपेक्षा ते एक पान अधिक उपयोगी पडेल.