आवाजापासून लेखणीपर्यंत

डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याने जाताना नरपड लागते. एका अंगाला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. एवढ्याशा पट्ट्यात वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती अशा कितीतरी बोली कानांवर पडतात. आमच्या घरात दखनी वळणाची उर्दू आणि शाळेत मराठी. पण सुट्टीत घरी जमणारी मुले खेळताना यांपैकी कोणतीच भाषा बोलत नाहीत. ती कार्टूनची हिंदी बोलतात.

"हा कोण रे बोलतो?" असे आम्ही एकदा विचारले. "निंजा हातोडी!" असे उत्तर आले. त्या हिंदी हातोडीच्या मागे मेघना एरंडे या मराठी अभिनेत्रीचा आवाज आहे, नॉडीच्या मागेही त्यांचाच आहे, हे सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसेना. हातोडी मुलगा आहे, तो बाईच्या आवाजात कसा बोलेल? त्याच्याही आधी, १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे. त्यातल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. म्हणजे मराठी गळा मुलांपर्यंत पोचत होता, मराठी भाषा मात्र वाटेतच राहत होती.

मुलांसाठी आवाज देणारी बाई पुढे लेखिका झाली, असे उदाहरण मराठीत शोधू लागलो तेव्हा आमच्यासमोर सई परांजपे यांचे नाव आले. त्यांनी कार्टूनला आवाज दिला असे नव्हे. त्यांच्या तरुणपणी घरोघरी पडदा नव्हता, रेडिओ होता. मुलांशी बोलणारा आवाज तेव्हा त्या पेटीतून येई.

सईबाईंचा जन्म १९३८चा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे बालपणीची काही वर्षे तिकडे गेली. आई शकुंतलाबाई स्वतः लेखिका आणि संततिनियमनाच्या कार्यकर्त्या. घरात पुस्तके होती आणि मुलीचे ऐकून घेणारी माणसेही होती. 'मुलांचा मेवा' हे सईंचे परीकथांचे पुस्तक निघाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. तेव्हा लेखणी आधी आली आणि आवाज नंतर, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण आठव्या वर्षी लिहिणारी सगळीच मुले लेखक होत नाहीत. मधल्या काळात त्या हाताला काय वळण लागले, हे पाहायला हवे.

ते वळण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर लागले, असे आम्हांला वाटते. सईबाई तिथे निवेदिका होत्या आणि मुलांचे कार्यक्रम करीत. रेडिओवर बोट दाखवून 'हे बघा' म्हणता येत नाही. वाक्य एका श्वासात बसावे लागते. शब्द जड झाला की मूल उठून अंगणात जाते आणि बोलणाऱ्याला ते कळतही नाही. ही शिस्त कोणत्याही लेखकाच्या कामाची आहे.

त्यानंतर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या आणि १९६३ साली पदवीधर झाल्या. मूळचे पुण्यातच जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून तिथे संचालक होते. इकडे मराठी बालरंगभूमीही याच सुमारास उभी राहत होती. सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केले होते, रत्नाकर मतकरी मुलांसाठी नाटके लिहीत होते. सईबाईंनीही 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप', 'झाली काय गंमत' अशी बालनाट्ये दिली. पुढे बालचित्र समितीसाठी 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६) हे चित्रपट केले. त्या समितीच्या अध्यक्षपदीही त्या होत्या.

मोठ्यांसाठी लिहू लागल्यावर मुलांचा आवाज सुटला का? नाही. 'स्पर्श'मध्ये अंधशाळेचा मुख्याध्यापक डॉक्टरांकडे निघालेला असतो. वाटेत गाण्याचा आवाज येतो आणि तो भलत्याच दारी जाऊन पोचतो. नसीरुद्दीन शाह आणि शबाना आझमी यांची ती पहिली भेट चेहऱ्यावरून होत नाही, आवाजावरून होते. रेडिओवर बसलेल्या माणसालाच असा प्रसंग सुचावा. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कथा' (१९८३) हा चित्रपट 'ससा आणि कासव' या नाटकावरून घेतला. मुलांची जुनी गोष्ट चाळीत आली. फारुख शेख ससा झाले, नसीरुद्दीन कासव झाले. २०१६ साली आलेले 'सय' हे त्यांचे आत्मकथन वाचतानाही कोणी समोर बसून सांगत आहे असे वाटते.

आता पुन्हा आमच्या किनाऱ्याकडे येऊ. सईंचे पहिले पुस्तक निघण्याच्या सुमाराला, १९४५ साली, नरपडच्या शेजारच्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत. तिथे रेडिओचे केंद्र नव्हते. गोष्ट आणि गाणे, आणि ते सांगणारा बाईचा आवाज, एवढ्यावर काम चालले. त्याच अनुताईंनी पुढे 'कोसबाडच्या टेकडीवरून' लिहिले. मुलांशी बोलणारी बाई लेखिका झाली, याचे दुसरे उदाहरण आमच्या उंबऱ्याशीच होते आणि आम्ही ते पुण्यात शोधत होतो.

या दोघींचे जग अगदी वेगळे. एकीचे आजोबा उच्चायुक्त, दुसरी तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली. तरी दोघींनी मुलाला कमी लेखले नाही. मुलाला कळेल असे बोलणे म्हणजे हलके बोलणे नव्हे, हे त्यांनी कामातून दाखवले.

बालचित्र समिती २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कार्टूनच्या शेवटी आवाज देणाऱ्यांची नावे आलीच तर डोळ्यांसमोरून पळून जातात. ज्या आवाजावर एक पिढी भाषा शिकते, त्याचे नाव त्या पिढीला ठाऊक नसते. आमच्या घरी अम्मी रात्री ज्या गोष्टी सांगत, त्याही अशाच निनावी गेल्या. कोणी लिहून ठेवल्या नाहीत. आम्हीही नाही.

कार्टूनशी भांडण नाही. पण मुलाला स्वतःच्या बोलीत गोष्ट ऐकण्याचा हक्क आहे आणि तो पुरवण्यासाठी वाहिनीची वाट पाहायला नको. आठवतील तेवढ्या गोष्टी आम्ही लिहून काढायला घेतल्या आहेत. प्रत्येक गोष्ट आधी नातवंडांसमोर मोठ्याने वाचतो. मूल उठून गेले की ते पान पुन्हा लिहितो.