घामाचा हिशेब आणि रडार

मराठवाड्यात रडार म्हटलं की २०१५चा दुष्काळ आठवतो. कृत्रिम पावसासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत बसवलेलं ते यंत्र ढगांचा माग काढत होतं. या पुस्तकातलं रडार माणसाकडे रोखलेलं आहे. व्यायाम करताना शरीर किती ऊर्जा खर्च करतं, याचा अंदाज ते अंगाला न शिवता घेऊ पाहतं.

खात्रीची रीत जुनीच आहे. तोंडावर मुखवटा बांधायचा आणि वापरलेला प्राणवायू मोजायचा. एका लिटरमागे साधारण ५ किलोकॅलरी धरायच्या. पण मुखवटा बांधून रोज सराव कोण करणार?

हे रडार फक्त हालचाल टिपतं. २४ गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला १ मीटर वेगाने समोर येणाऱ्या धडावरून परतली की तिची वारंवारता सुमारे १६० हर्ट्झने वाढलेली असते. हातपाय धडाच्या मागेपुढे झुलतात, त्यांच्या खुणा वेगळ्या उमटतात. माणूस स्थिर उभा असेल तर श्वासागणिक छातीची काही मिलिमीटरची वरखालही टिपता येते. धावताना मात्र ती बाकीच्या हालचालींत हरवते. या साऱ्या खुणांचा मेळ मुखवट्याच्या मोजणीशी घालायचा, हा या शास्त्राचा गाभा.

त्याची मर्यादा माजलगावच्या वाचकाला चटकन कळेल. दसरा झाला की इथल्या वाड्या-तांड्यांतले ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. उसाच्या फडात बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे जाते आणि रिकाम्या डोक्याने परतते. चाल सारखी राहिली तर रडारच्या लेखी दोन्ही खेपा जवळपास सारख्याच. मोळी तोलून क्षणभर ताठ उभं राहण्यात हालचाल नाही, खर्च मात्र आहे. वजन, चढ, ऊन यांची नोंद म्हणूनच वेगळी ठेवावी लागते.

हे काम एकट्या अभियंत्याचं नाही. लहरी जाणणारा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी हवा, शरीर जाणणारा वैद्यकाचा हवा. तालमीतला वस्ताद हवा, आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे धावणारी पोरं आणि ८०० मीटरसाठी धावणाऱ्या पोरीही हव्यात. ज्याला गणित जड जाईल त्याने शरीराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. लहरी नंतर सोप्या वाटतील.

एवढं मात्र पहिल्या दिवसापासून पाळावं: कॅलरींचा आकडा सांगण्याआधी तो कोणाच्या शरीरावर ताडून पाहिला, ते सांगावं. प्रयोगशाळेच्या पट्ट्यावर धावणाऱ्या तरुणांवरून बसवलेलं सूत्र फडातल्या बाईला जसंच्या तसं लावता येत नाही.