लाखकाम (कातीव लाकडावरील)

लेथवर फिरत्या लाकडाला लाखेचा आणि बहुधा त्यावर मेणाचा लेप देण्याची कला. पाळण्याचे खांब, चौरंगाचे पाय, हळदीकुंकवाचे करंडे, खुळखुळे, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी अशा कातीव वस्तू पूर्वी लाखेनेच रंगत आणि चकाकत. बाजारात ‘लॅकर’ म्हणून जे डबे मिळतात, त्यांत बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोजचा किंवा तत्सम कृत्रिम लेप असतो, त्यात लाख नसते. चीन-जपानमधले प्रसिद्ध लॅकरकाम आणखी वेगळे आहे. ते एका झाडाच्या चिकापासून होते. तिन्हींना एकच नाव चिकटल्यामुळे ग्राहकाची फसगत होते आणि खऱ्या लाखेचे काम करणाऱ्या कारागिराचे मोल पडते. म्हणून ही नोंद फक्त कीटकजन्य लाखेपुरती आहे.

लाख हा केरिया लॅका या इवल्याशा कीटकाचा स्राव. पळस, बोर आणि कोशिंब (कुसुम) या झाडांच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषताना हे कीटक स्वतःभोवती राळेचे कवच उभारतात. शेकडो कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर खडबडीत तांबूस थर तयार होतो. पळस-बोरावरच्या लाखेला रंगीनी आणि कोशिंबावरच्या लाखेला कुसुमी म्हणतात. कुसुमी फिकट रंगाची असते, म्हणून तिला भाव चढा मिळतो. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची मोठी राज्ये. महाराष्ट्रात गोंदिया आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यांत लाख निघते. लाखेवरच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली. ती वेगळ्या नावाने आजही काम करते. लाखेची ओळख मात्र फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेवर एक सूक्त आहे आणि महाभारतातले लाक्षागृह तर घरोघरी ठाऊक आहे. पांडवांसाठी ते घर ज्या गुणामुळे निवडले गेले, तोच गुण कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा कारागीर, वेगळ्या रीतीने वापरतो: लाख उष्णतेने चटकन मऊ होते आणि आणखी तापवली तर भडकते.

फांदीवरून खरवडलेली ती काडीलाख. ती कुटून, पाण्यात धुऊन तिच्यातला तांबडा रंग आणि कचरा काढला की दाणेलाख उरते. हा धुतलेला तांबडा रंग एके काळी अळित्यासाठी आणि कापड रंगवायला वापरत. दाणेलाख कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर तापवतात आणि पिशवी पिळून वितळलेली लाख बाहेर काढतात. तिचा पातळ पत्रा ताणून, थंड करून फोडला की चपडा तयार होतो. यालाच शेलॅक म्हणतात. नुसत्या थेंबांच्या टिकल्या पाडल्या तर ती बटण लाख. चपड्यात मूळचे थोडे मेण असते, म्हणून त्याचे द्रावण गढूळ दिसते. ते मेण काढलेला चपडाही मिळतो. त्याचे द्रावण स्वच्छ असते आणि त्यावर दुसरा कोणताही लेप चांगला धरतो.

लाख दोन गोष्टींना वश होते: उष्णतेला आणि स्पिरिटला. साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ती मऊ पडते, ७५ च्या पुढे वाहू लागते. पाण्यात ती विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळते. कातीव लाकडावर लाख चढवण्याच्या दोन रीती यातूनच आल्या. एकीत लाख कोरडीच वितळवून लावतात, दुसरीत विरघळवून. माझ्या मते पहिली रीत जास्त कसबाची आहे आणि भारतीय कारागिरीचे खरे वैभवही तिच्यातच आहे.

या रीतीत लाख निखाऱ्यांवर मऊ करून तिच्यात रंगद्रव्य मिसळतात. मग कणीक मळावी तशी ती मळतात, पुन्हा पुन्हा ताणतात आणि दुमडतात. रंग सगळीकडे सारखा बसला की तिच्या बोटभर कांड्या वळतात. पुढचे काम भोवऱ्यावर पाहावे. कातून झालेला भोवरा लेथवरच ठेवून काचकागदाने घासतात. आधी जाड, मग बारीक, शेवटी इतका बारीक की लाकूड गालासारखे गुळगुळीत लागते. भुकटी झटकून टाकतात. मग फिरत्या भोवऱ्यावर कांडी टेकवतात. पहिल्या क्षणी लाख नीट धरत नाही, ठिपके उमटतात आणि कडेला चुरा उडतो. कांडीचा दाब तसाच ठेवला की घर्षणाने लाकूड आणि लाख दोन्ही तापतात, राळेचा गोडसर वास येऊ लागतो आणि ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात. आता लाकडाची चपटी काडी टेकवून थर सारखा करतात. हे सगळे काही सेकंदांत उरकावे लागते. दाब कमी पडला तर लाख खरखरीत राहते. जास्त झाला तर ती काळवंडते किंवा तिच्या लाटा उठतात. कारागीर हे कानाने ओळखतो. कांडी कोरडी घासत असते तेव्हा आवाज चिरका येतो, लाख वितळली की तो खाली बसतो. कांडीची नुसती कड टेकवली तर बारीक पट्टा उमटतो. असे दोन-तीन रंगांचे पट्टे एकाशेजारी एक आले की भोवरा फिरताना त्यांची वर्तुळे दिसतात.

शेवटचा हात केवड्याच्या पानाचा. वाळलेले पान काटे काढून, घडी करून फिरत्या लाखेवर दाबतात. पानाच्या चिवट, किंचित मेणचट पृष्ठभागाने लाख पुन्हा हलकेच तापते, पसरते आणि आरशासारखी चमकू लागते. चन्नपट्टण (कर्नाटक) आणि एटिकोप्पाका (आंध्र प्रदेश) येथे ही रीत आजही रोजची आहे. केवडा कोकणच्या किनाऱ्यावरही विपुल आहे. पानाऐवजी कापड धरण्याचा मोह नवशिक्याला होतो. तो आवरावा. फिरत्या लाकडात कापडाचे टोक अडकले तर बोटे ओढली जातात. कापडाच्या जागी फाटून सुटणारा जाड टिश्यू कागद घ्यावा, बाह्या वर कराव्यात आणि अंगठी काढून ठेवावी.

चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका या दोन्ही ठिकाणी मुख्य लाकूड काळ्या कुड्याचे असते. ते पांढुरके आणि बारीक पोताचे, म्हणून त्यावर लाखेचा रंग उजळ दिसतो. लाकूड पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते, लाख त्याच्याबरोबर आकसत नाही आणि लेपाला तडे जातात. याखेरीज गुजरातमधील संखेडा येथे सागाच्या कातीव फर्निचरवर नक्षी काढून लाख देतात. कच्छमधील निरोणा गावचे वाढा कारागीर धनुकलीच्या दोरीने फिरणाऱ्या हातलेथवर काम करतात. लाकूड पुढे-मागे फिरत असताना ते एकाच वेळी अनेक रंगांची लाख अशी फिरवतात की लाटांची नागमोडी नक्षी उठते. महाराष्ट्रात सावंतवाडीचे नाव या संदर्भात पहिले घ्यावे लागते. मोती तलावाजवळच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. तेथे पांगाऱ्यासारखे हलके लाकूडही वापरतात. मात्र तेथली आजची बहुतेक फळे आणि भाज्या ब्रशने रंगवलेल्या असतात. हातात घेऊन पाहिल्यास हा फरक कळतो. सावंतवाडीच्या गंजिफा खेळाच्या गोल पत्त्यांवर लाखेचा लेप देण्याची रीत आहे. ही गंजिफाची कला विझू लागली होती, तेव्हा तेथील भोसले राजघराण्याने चितारी कारागिरांच्या साहाय्याने ती पुन्हा उभी केली.

दुसऱ्या रीतीत चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. फर्निचरवाल्यांच्या तोंडी असलेले फ्रेंच पॉलिश ते हेच. कातीव कामासाठी १ लिटर स्पिरिटला १२० ते २४० ग्रॅम चपडा पुरतो. पहिला हात पातळ असावा म्हणजे तो लाकडात मुरतो. नंतरचे थोडे दाट चालतात. चपडा रात्रभर भिजत ठेवून, अधूनमधून ढवळून, फडक्याने गाळून घ्यावा. भांडे लोखंडाचे नको, नाहीतर द्रावण काळपट होते. द्रावण थोडे थोडेच करावे. महिने उलटले की चपडा आणि स्पिरिट यांच्यात हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि असा लेप कितीही वाळवला तरी चिकटच राहतो. जुन्या बाटलीतला थेंब काचेवर टाकून पाहावा. तो तासाभरानेही नखाला चिकटला तर बाटली टाकून द्यावी, लाकडावर वापरू नये. लेथवर झटपट चमक हवी असेल तर चपड्याचे द्रावण, स्पिरिट आणि उकळलेले जवसाचे तेल समभाग मिसळून, कागदाच्या घडीवर थोडेसे घेऊन फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने स्पिरिट उडते, लाख बसते आणि तेलामुळे घडी अडखळत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेले कागद आणि चिंध्या ढिगात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

मेण लाखेवर लावतात, लाखेखाली लावत नाहीत. मेणावर दुसरा लेप नीट धरत नाही, म्हणून मेण शेवटीच. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ते मऊ असते, त्याला सुंदर उबदार झळाळी येते, पण बोटांचे ठसे उमटतात आणि धूळ बसते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण ८० अंशांच्या पुढे वितळते. ते कठीण आणि ठिसूळ असते, म्हणून एकट्याने लावले तर त्याचे तुकडे पडतात. दोन्ही एकत्र करून त्याची वडी लाखेसारखीच फिरत्या लाकडावर टेकवावी आणि कागदाने पुसावी. मलमासारखे मेण हवे असेल तर मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, आच विझवावी आणि मगच त्यात टर्पेंटाइन ओतावे. नुसते मेण लावलेली वस्तू हातात घ्यायला फार छान वाटते, पण कोकणच्या पावसाळ्यात ती टिकत नाही. ओल तिच्यातून सहज आत शिरते. लाखेचा थर आत शिरणारी वाफ बरीच रोखतो. मेण मुख्यतः स्पर्शासाठी आणि चरे लपवण्यासाठी.

लाख स्वतः निरुपद्रवी आहे. औषधाच्या गोळ्या आणि मिठाया यांवरही तिचा लेप असतो. लहान मूल जे तोंडात घालते त्याला हा लेप द्यावा, हे खरेच. धोका असतो रंगद्रव्याचा. पिवळ्यासाठी हरताळ आणि तांबड्यासाठी शेंदूर ही जुनी द्रव्ये अनुक्रमे आर्सेनिकयुक्त आणि शिसेयुक्त आहेत. जुने खेळणे शोभेला ठेवावे, बाळाला चघळायला देऊ नये. एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंग पुन्हा रुळवले. त्या कामासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नवे खेळणे घेताना रंग कशाचा, हे दुकानदाराला विचारण्याचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे.

लाखेचे दोष तिच्या गुणांतूनच येतात. गरम कपबशी ठेवली तर पांढरे वर्तुळ उमटते, साबणाने किंवा सोड्याने घासले तर चमक मरते आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेले खेळणे चिकट होते. सॅनिटायझरने पुसलेल्या खेळण्यांचा रंग हाताला लागतो, कारण सॅनिटायझरमध्ये स्पिरिटसारखाच मद्यार्क असतो. पण त्याच कारणाने लाख दुरुस्तही होते. एकदा वाळल्यावर न विरघळणारा कृत्रिम लेप ओरखडला तर बहुधा पूर्ण खरवडून काढावा लागतो. लाखेचा नवा हात मात्र जुन्यात विरघळून एक होतो. माळ्यावरचा पाळणा उतरवला की आधी ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यावा. मग स्पिरिटमध्ये किंचित भिजवून घट्ट पिळलेला बोळा खांबाच्या गोलाईवरून एकदाच, न थांबता फिरवावा. बोळा एका जागी थांबला तर रंगच निघून येईल. नीट फिरला तर धुरकट तांबडा रंग ओला होतो, पट्ट्यांच्या कडा स्पष्ट होतात आणि तासाभरात थर पुन्हा घट्ट बसतो. त्यावर चपड्याचा एक पातळ हात आणि आठवड्याने मेण.