वेगाची मोटार आणि रोजचा रस्ता

इंग्लंडांत १९०३ सालीं मोटारींविषयीं जो कायदा झाला, त्यानें रस्त्यावरील गाडीच्या वेगाला ताशीं वीस मैलांची मर्यादा घालून दिली. ही मर्यादा १९३० च्या नव्या कायद्यानें उठविली जाईपर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, कागदोपत्रीं कायम होती. आणि त्याच काळांत त्या देशांत ताशीं ऐशीं मैल धांवणाऱ्या गाड्या उघडपणें विकल्या जात होत्या. प्रतिष्ठित गृहस्थ त्या विकत घेत होते आणि त्यांतूनच कामाला, बाजाराला, स्नेह्यासोयऱ्यांच्या भेटीला जात येत होते. कायदा विसाचा आणि गाडी ऐशींची! ज्याला वेगाची हौस आहे, परंतु दारांत एकच गाडी ठेवावयाची आहे, त्यानें कोणती गाडी पत्करावी, हा प्रश्न या विसंगतींतूनच जन्माला आला. तो आजहि विचारला जातो. पण तो प्रथम नीट उभा राहिला १९२० नंतरच्या दशकांत, आणि मुख्यतः दोन गाड्यांच्या संबंधानें. एक व्हॉक्सहॉल कंपनीची ‘थर्टी-नाइन्टीएट’ आणि दुसरी बेंटलेची ‘थ्री लिटर’.

व्हॉक्सहॉल ही वयानें वडील. १९१३ सालीं जोसेफ हिगिन्सन नांवाच्या एका शौकिनाला शेल्सली वॉल्श येथील डोंगर चढण्याची शर्यत जिंकावयाची होती. त्याच्या आग्रहावरून कंपनीचा मुख्य यंत्रज्ञ लॉरेन्स पॉमरॉय यानें आपल्याजवळचें चांगलें इंजिन आणखी मोठें करून हलक्या सांगाड्यावर बसविलें. हिगिन्सननें त्या चढणीवर उच्चांक केला आणि गाडीचें नांव झालें. पुढें पहिलें महायुद्ध आलें. तें संपल्यावर ल्यूटनच्या कारखान्यानें ही गाडी पुन्हां काढली. साडेचार लिटरांचें चार नळकांड्यांचें इंजिन, नव्वद अश्वशक्ति, आणि मानानें हलकी गाडी. त्यामुळें तिच्यांत असा गुण होता कीं वरच्या गिअरमध्यें पायीं चालणाऱ्याच्या गतीनें चालली असतांहि नुसता पाय दाबतांच ती कुरकुर न करतां वेग घेई. ज्याला वारंवार गिअर बदलण्याचा कंटाळा, त्याला ही गाडी म्हणजे मोठें सुख होतें.

बेंटलेची गोष्ट निराळी. वॉल्टर ओवेन बेंटले हा मूळचा आगगाडीच्या इंजिनांचा माणूस. डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यांत त्यानें उमेदवारी केली, महायुद्धांत विमानांचीं इंजिनें तयार केलीं, आणि १९१९ मध्यें स्वतःच्या नांवाची कंपनी काढली. त्याची पहिली गाडी त्याच वर्षीं लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनांत मांडली गेली, पण गिऱ्हाइकाच्या हातीं पडावयास १९२१ चा सप्टेंबर उजाडला. तीन लिटरांच्या त्या इंजिनांत दर नळकांड्याला चार झडपा आणि ठिणगीचे दोन प्लग होते. शक्ति व्हॉक्सहॉलहून कमी. तरी कंपनीनें यंत्रभागाची पांच वर्षांची हमी दिली. नव्या कंपनीनें, तेंहि वेगाच्या गाडीला, पांच वर्षांची हमी द्यावी हें धाडस होतें.

आतां आपण त्या काळच्या एखाद्या डॉक्टराच्या किंवा वकिलाच्या जागीं बसूं. त्याला या दोहोंतून एक निवडावयाची आहे. प्रथम तो कराचा हिशेब करील. १९२१ पासून इंग्लंडांत मोटारीवर दर अश्वशक्तीस वर्षाला एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ति खरी नव्हे. नळकांड्याचा व्यास व त्यांची संख्या यांवरून एका सूत्रानें काढलेली. दट्ट्या किती लांब सरकतो याचा त्या सूत्रांत विचारच नव्हता. बेंटलेच्या नळकांड्याचा व्यास ८० मिलिमीटर, पण दट्ट्याची धांव १४९ मिलिमीटर. म्हणजे अरुंद आणि उंच. व्हॉक्सहॉलचा व्यास ९८ मिलिमीटर. म्हणून सरकारी हिशेबानें बेंटले सुमारे सोळा अश्वशक्तीची ठरली आणि व्हॉक्सहॉल सुमारे चोवीस. दरवर्षीं सुमारे आठ पौंडांचा फरक! एवढी महाग गाडी घेणारा माणूस आठ पौंडांकडे कशाला पाहील, असें कोणी म्हणेल. पण पैसेवाला माणूसच हिशेब बारकाईनें पाहतो, असा माझा अनुभव आहे.

मग तो गाडी चालवून पाहील. येथें व्हॉक्सहॉलची बाजू वरचढ. बेंटलेची गिअरपेटी शिकाऊ हाताला दाद देत नसे. खालच्या गिअरला येतांना क्लच दाबून दांडा मधें आणावयाचा, क्लच सोडून इंजिनाची गति बेतानें वाढवावयाची, पुन्हां क्लच दाबून दांडा पुढें सरकवावयाचा. आणि हें सारें कानानें. चुकलें कीं दंतचक्रें करकरून साऱ्या रस्त्याला कळवीत. व्हॉक्सहॉललाहि हीच रीत होती, परंतु तिच्या मोठ्या इंजिनामुळें तसें करण्याचा प्रसंग कमी येई. गर्दीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हा फरक लहान नव्हे.

पण तिसरी कसोटी थांबण्याची, आणि मला वाटतें खरी निवड येथें होती. व्हॉक्सहॉलला आरंभीं पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाचा ब्रेक चाकांवर नसून इंजिनाकडून मागें जाणाऱ्या दंडावर चाले, आणि हातानें ओढण्याचा मागच्या चाकांवर. पुढच्या चाकांचे ब्रेक १९२३ मध्यें आले, तेहि गाडीच्या वेगाला शोभतील असे झाले नाहींत. त्या गाडीचे अभिमानीसुद्धां हा दोष कबूल करीत. डोंगर चढण्यासाठीं जी गाडी जन्मली तिला उतरण्याचा विचार मागाहून सुचला, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं. मोकळ्या माळावर हा दोष झांकून जातो. शाळा सुटल्या वेळीं मुलें रस्ता ओलांडीत असतांना तो झांकत नाहीं.

बेंटले या बाबतींत प्रथम पुढें होता असें मात्र नव्हे. त्याला तो धडा परमुलखांत मिळाला. १९२३ सालीं फ्रान्समधील ल मां गांवीं चोवीस तासांची एक नवी शर्यत सुरू झाली. तिचा हेतु लक्षांत घेण्यासारखा आहे. केवळ शर्यतीसाठीं बनविलेल्या गाड्या तेथें नको होत्या. गिऱ्हाइकाला मिळते तीच प्रवासी गाडी दिव्यांसह रात्रंदिवस पळवून तिचा टिकाऊपणा पहावयाचा होता. लहान गाड्या सोडल्या तर बाकीच्यांना चार बैठकी असाव्यात आणि उतारूंच्या ऐवजीं तेवढें वजन लादावें, असा नियम होता. १९२४ मध्यें तर चालकांनीं मधेंच थांबून स्वतःच्या हातानें छत उभारावें आणि कांहीं फेऱ्या तशाच कराव्या, अशीहि अट होती. पावसांत सांपडलेल्या सामान्य माणसाला छत किती लवकर चढवितां येतें, हें शर्यतींत तपासणारे ते लोक मला फार शहाणे वाटतात.

पहिल्या वर्षीं जॉन डफ नांवाच्या बेंटलेच्या एका गिऱ्हाइकानें आपली खाजगी गाडी तेथें नेली. जोडीला कंपनीचा चालक फ्रँक क्लेमेंट होता. गाडीला ब्रेक केवळ मागच्या चाकांना. ओबडधोबड रस्त्यावरचा एक दगड उडून पेट्रोलच्या टांकीला भोंक पडलें आणि गाडी वाटेंतच कोरडी झाली. डफ धांवत तळावर आला. क्लेमेंटनें एक सायकल मिळविली, पेट्रोलचे डबे बरोबर घेतले आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना चुकवीत तो आपल्या गाडीपाशीं पोंचला. इतकें होऊनहि त्यांना चौथें स्थान मिळालें. दुसऱ्या वर्षीं हेच दोघे पुन्हां गेले. या खेपेस पुढच्या चाकांना ब्रेक होते, आणि ते पहिले आले. शर्यतींत सिद्ध झालेले हे ब्रेक विक्रीच्या गाडीलाहि लागले. वेगाचा नाद रोजच्या वापराच्या उपयोगीं पडल्याचें याहून सरळ उदाहरण मला माहीत नाहीं.

म्हणून १९२४ नंतर कोणी मला विचारलें असतें, तर एकटा फिरणारा, मोकळ्या मुलखांत राहणारा आणि हात बसलेला माणूस असेल तर त्याला मीं व्हॉक्सहॉल सांगितली असती. कुटुंबवत्सल माणसाला बेंटले. आपल्याकडील जुन्या शिलेदारांना हा भेद ठाऊक होता. अरबी घोडा मिरवावयास देखणा, पण रोजच्या मजलीला भीमथडीचें तट्टू. व्हॉक्सहॉल कंपनी १९२५ मध्यें अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें घेतली आणि दोन वर्षांत ही गाडी बंद झाली. एकंदर सुमारे सहाशेच बनल्या. त्यांपैकीं पुष्कळ दूर ऑस्ट्रेलियांत गेल्या आणि तेथल्या लांब, ओसाड रस्त्यांवर त्यांनीं चांगलें नांव मिळविलें. तो त्यांच्याच स्वभावाचा मुलूख होता.

येथवर बेंटले जिंकला असें दिसेल. पण रोजच्या वापरानेंच पुढें त्याचा घात केला. त्यानें थ्री लिटर कल्पिली होती ती हलक्या, उघड्या गाडीसाठीं. त्या काळीं कारखाना केवळ सांगाडा व इंजिन देई. वरची पेटी गिऱ्हाइक स्वतंत्र कारागिराकडून बनवून घेई. आणि गिऱ्हाइकाला थंडीवाऱ्यांत रोज उघड्या गाडीनें जाणें नको होतें. त्यानें कांचांचीं दारें, जाड गाद्या, सामानाच्या पेट्या अशी बंद खोलीच त्या सांगाड्यावर चढविली. गाडी जड झाली, मंद झाली, आणि दोष इंजिनाला मिळाला. बेंटलेनें यावर उपाय केला तो इंजिन वाढविण्याचा. सहा नळकांड्यांचें नवें इंजिन तयार करून १९२४ मध्यें तो फ्रान्समध्यें त्याची परीक्षा घेत असतां, वाटेंत रोल्स-रॉइसची अशीच एक परीक्षेची गाडी भेटली. दोघांनींहि ओळखलें, दोघेहि जोरांत निघाले, आणि कोणीच कोणाला मागें टाकूं शकेना. परत येतांच बेंटलेनें इंजिन आणखी मोठें करावयास घेतलें. तीच ‘साडेसहा लिटर’ गाडी. १९३० च्या ऑक्टोबरांत आठ लिटरांची गाडी आली; बंद पेटी घालूनहि ती ताशीं शंभर मैल जाई. अशा केवळ शंभर गाड्या निघाल्या.

मधल्या काळांत कीर्ति वाढत होती. १९२७ सालीं ल मां येथें रात्रीं झालेल्या मोठ्या अपघातांत सांपडून वांकलेली थ्री लिटर डेव्हिस आणि डॉक्टर बेंजाफील्ड यांनीं तशीच चालवून पहिली आणली. पुढचीं तीन वर्षेंहि विजय बेंटलेकडेच राहिला. परंतु विजयानें खतावणी जुळत नाहीं. १९२६ पासून वुल्फ बार्नाटो या धनिकाच्या पैशावर कंपनी तगून होती. जागतिक मंदी आली, त्यानें हात आखडता घेतला, आणि १९३१ च्या जुलैंत कंपनी कोसळली. नेपियर ही कंपनी ती घेणार असें सर्वांस वाटत असतां, एका अपरिचित ट्रस्टनें अधिक बोली करून ती उचलली. मागाहून उघड झालें कीं त्या ट्रस्टच्या पडद्याआड रोल्स-रॉइस होती. कंपनीबरोबर बेंटलेचें नांव गेलें आणि नोकरीच्या करारानें तो स्वतःहि गेला. ज्या गाड्यांवर त्याचें नांव लागणार होतें त्यांची रचना करण्याचा अधिकार मात्र त्याला राहिला नाहीं.

१९३३ मध्यें डर्बीच्या कारखान्यांतून नवी ‘बेंटले’ बाहेर पडली. इंजिन रोल्स-रॉइसच्या लहान गाडीवरून घेतलेलें. वरच्या दोन गिअरांना हळुवार बदलण्याची नवी सोय. ब्रेकला चालकाच्या पायाचा जोर वाढवून देणारी यंत्रणा. जाहिरातींत तिला ‘आवाज न करणारी वेगवान गाडी’ म्हटलें गेलें. जुन्या भक्तांनीं नाकें मुरडलीं. परंतु डॉक्टरानें रात्रीं रोग्याकडे जावें, येतांना थंड इंजिन एका फेऱ्यांत सुरू व्हावें आणि गल्लीला जाग येऊं नये, हें या गाडीनें साधलें. स्वतः बेंटलेनें, सर्व बाजूंनीं विचार करतां आपलें नांव लागलेल्या गाड्यांपैकीं हीच आपण पसंत करूं, असें म्हटल्याचें प्रसिद्ध आहे. जिच्या घडणींत त्याचा हात नव्हता अशी ती गाडी! १९३५ मध्यें तो लागोंडा कंपनींत गेला.

हा प्रश्न पुढेंहि नव्या नांवांनीं येत राहिला. १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत पोर्शे कंपनीनें मागें इंजिन असलेली जी गाडी मांडली आणि जी पुढें ‘नऊशें अकरा’ म्हणून गाजली, तिचें इंजिन हवेनें थंड होई. थिजावयास किंवा उकळावयास पाणीच नव्हतें. मागें मुलांना बसण्यापुरत्या दोन जागाहि होत्या. दोन माणसांच्या कितीतरी सुंदर गाड्या इतिहासजमा झाल्या. ही अद्याप निघते आहे.

आणखी एक उदाहरण सांगतों. १९९० सालीं जपानच्या होंडा कंपनीनें ‘एन्एस्एक्स्’ नांवाची ॲल्युमिनियमची गाडी काढली. इटलीच्या भारी गाड्यांशीं तिची स्पर्धा होती, पण तींत बसल्यावर चारी बाजूंचा रस्ता नीट दिसे, क्लच हलका होता आणि शहरांतील गर्दींत ती तापत नसे. कित्येकांनीं तिला फिकी म्हटलें. त्याच सुमारास गॉर्डन मरे हा रचनाकार इंग्लंडांत ‘मॅक्लारेन एफ्-वन्’ तयार करीत होता. ही गाडी १९९८ मध्यें ताशीं २४० मैलांवर पोंचली. चालविण्यांतील सुखाचें माप म्हणून मरेनें समोर ठेवली होती ती ही होंडाच. आणि स्वतःच्या जाण्यायेण्यासाठीं तीच त्यानें पुढें कित्येक वर्षें वापरली.